मदत हवी आहे: दोडामार्गातलं सामाईक रान 'सामुदायिक राखीव' करता येईल का?

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आमचं वडिलोपार्जित रान आहे. कडेला थोडी काजूची कलमं, बाकी ऐन, किंजळ, जांभूळ आणि मधून व्हाळ (ओढा). गव्यांचा राबता कायमचा. सातबारा सामाईक, निम्मे खातेदार मुंबईला. आता रबर-अननसासाठी एजंट भाव घेऊन आलाय आणि चुलते विकायला तयार आहेत. त्यांचंही खरंच आहे, या रानातून त्यांच्या हाती काही पडत नाही. पण ते तुटू नये असं मला फार वाटतं.

कारण जागा मोक्याची आहे. गोव्यातलं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड या अभयारण्यांतून राधानगरीकडे, पुढे चांदोली-कोयनेकडे वाघाला सरकायचं तर वाट आंबोली-दोडामार्गाच्या पट्ट्यातूनच जाते. २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौ. किमी जंगल संवर्धन राखीव झालं, पण ते सरकारी. आसपासचं कितीतरी रान खाजगी आहे. मधला एक डोंगर बोडका झाला की सलगपणा गेला. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, २०२४ मध्ये २५ गावं पर्यावरणीय संवेदनशील जाहीर करायला सांगितलं. तरी आमच्या शेजारचा डोंगर साफ झालाच.

वन्यजीव कायद्यात कलम ३६-ए चं संवर्धन राखीव सरकारी जमिनीसाठी, तर ३६-सी चं सामुदायिक राखीव मालकाने स्वेच्छेने दिलेल्या खाजगी जमिनीसाठी आहे. ते जाहीर झाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. मला नेमकं हेच हवंय.

अडतं ते इथे: सगळ्या खातेदारांची संमती लागते, की वाटप करून फक्त आमचा हिस्सा देता येतो? आधी ग्रामसभेचा ठराव, की थेट सावंतवाडीला उपवनसंरक्षकांकडे अर्ज? लावलेली काजू पुढेही काढता येईल ना? 'सरकार जमीन गिळणार' हीच चुलत्यांची मोठी भीती आहे. आणि रान राखायचे चार पैसे खातेदारांना मिळतील अशी एखादी योजना किंवा संस्था कुणाच्या अनुभवातली आहे का?

चतुर्थीला सगळे गावी येतील तेव्हा व्यवहाराचं ठरेल. स्वतःची जमीन अशी राखलेला कुणी जमीनमालक त्याआधी चुलत्यांशी फोनवर बोलायला तयार असेल तर कृपया मला व्यनि (खाजगी निरोप) करा. अधिकाऱ्यापेक्षा त्यांना तो जास्त पटेल.