अमेरिकेच्या यादवीमुळे मुंबईत गिरण्या आल्या, हे कितपत खरं?

वाचनकट्टा_लालबाग
आमच्या वाचनालयात दीड तासाचं सत्र ठेवलंय: लढाया, व्यापार आणि मराठी साहित्य. सुरुवातीचं वाक्य असं योजलंय: ‘अमेरिकेच्या यादवीमुळे मुंबईत गिरण्या आल्या आणि गिरण्यांमुळे कामगार साहित्य आलं.’ समोर जुने गिरणी कामगार बसतील, चूक असेल तर तिथल्या तिथे पकडतील. ही साखळी टिकते का? आणि कुठलं लिखाण कुठे जोडावं?

रुई_बाजार
पहिलीच कडी तुटते. कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी 1854 ची, तिचं सूत 1856 मध्ये निघालं. अमेरिकेत लढाई पेटली एप्रिल 1861 मध्ये. आणि लढाई चालू होती तोवर नव्या गिरण्यांचं काम उलट रेंगाळलंच, कारण अमेरिकेची रुई (सरकी काढलेला कापूस) अडकल्यानं इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या मागेल तो भाव देत असताना इथे महाग रुई घेऊन सूत कातणं परवडणार कुणाला?

लढाईनं मुंबईला दिला तो पैसा, आणि तो गेला शेअरांत. बॅक बेच्या समुद्रात भराव घालायला निघालेल्या कंपनीचा 5,000 चा शेअर 50,000 च्या घरात गेला. 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेच्या जनरल लीनं शस्त्रं खाली ठेवली आणि बातमी पोचताच कापसाचा भाव पडला. सौदे होते वायद्याचे, 1 जुलै 1865 ला चुकते करायचे. त्या दिवशी देणारेच उरले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेही त्यातच बुडाली. तेजीच्या भरात रुईचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला, पण तो पुरा व्हायला 1878 उजाडलं.

तेजीची दुसरी बाजू गासडी (रुईचा दाबून बांधलेला गठ्ठा) फोडल्यावर दिसायची. वजन वाढवायला रुईत पाणी, माती, सरकी घालायचे. ओली गासडी दाबली की आतून तापते आणि रुई पिवळी पडते. प्रकार इतका बोकाळला की 1863 मध्ये मुंबई सरकारला खास कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला.

गिरण्यांची खरी लाट 1870 नंतरची. रुई स्वस्त झाली होती, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता, आणि चीनची वाट अफूच्या जहाजांनी आधीच पाडून ठेवली होती. त्याच वाटेनं मुंबईचं सूत गेलं.

तेव्हा पहिलं पुस्तक गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ घ्या. ते 1863 चं, म्हणजे ऐन तेजीतलं. पुढे काय वाढून ठेवलंय याचा लेखकाला पत्ता नाही, म्हणून ते वाचायला जास्त मजा येते.

बांध_आणि_खत
वरचं सगळं बरोबर, पण त्यात शेतकरी कुठेच नाही, आणि मराठी लिखाणाला पहिला चटका तिकडून बसलाय. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे, कर्जखतं, वह्या जाळल्या. याला ‘कापसाचा दंगा’ म्हणू नका. तो मुलूख मुख्यतः ज्वारी-बाजरीचा. तेजीत उधार सहज मिळे, भाव चढे होते, 1867 मध्ये इंदापुरापासून जमिनीची फेरपाहणी सुरू होऊन शेतसारा वाढला. मग भाव उतरले आणि सावकारानं हात आखडता घेतला.

रोखे का जाळले, ते आकड्यांनी दाखवा. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीनच वर्षं चाले. कायदा केला कर्जदार कुळाच्या सोयीसाठी, पण सावकार तीन वर्षांनी व्याज मुद्दलात धरून नवा रोखा लिहून घेई. समजा 100 रुपये, दर साल शेकडा 24. तीन वर्षांनी 172. हे 172 झालं नवं मुद्दल, आणखी तीन वर्षांनी 296 च्या आसपास. मधे एक पैसा नवा घेतलेला नाही. फळ्यावर हे मांडलंत की पुढे फार बोलावं लागत नाही.

यानंतर थेट जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, 1883. त्याचे पहिले दोन भाग लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’ पत्रात आले आणि पुढचे छापायला ते धजले नाहीत. हेच नारायण मेघाजी लोखंडे पुढे गिरणी कामगारांचे पुढारी झाले. रविवारची सुट्टी मिळाली 1890 मध्ये. शेत आणि गिरणी यांना जोडणारा माणूस हवा असेल तर हा घ्या.

डफ_तुणतुणं
कामगार साहित्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरजच नाही, दुसरं महायुद्ध पुरे. रशिया दोस्त राष्ट्रांच्या बाजूला आला आणि जुलै 1942 मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली. मगच परळ-लालबागेत उघडपणे फड लावता आला. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक निघालं. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, म्हणजे शिवकाळात लढाई सांगायला वापरलेला घाट पुन्हा लढाईलाच लावला, फक्त मुलूख रशियाचा. तमाशातही बदल केला: गणात गणपतीऐवजी मायभूमी आणि हुतात्मे आले, गवळण गेली.

फक्त हे छापील वाचून दाखवू नका. शाहीर मिळाला तर उत्तम, नाहीतर डफ आणि तुणतुणं तरी आणा.

वाचनकट्टा_लालबाग
आभार मंडळी. ते वाक्य गेलं. रुईच्या भावाचा तक्ता लावायचा विचार आहे, जुने आकडे आजच्या भावाशी कसे ताडू?

रुई_बाजार
दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, कापूस आणि रुई. कापूस म्हणजे सरकीसकट. त्यातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा. शेतकऱ्याला मिळतो तो कापसाचा भाव, जुन्या मुंबईचे आकडे रुईचे. दोन, खंडी. रुईची मुंबई खंडी 784 पौंडांची, म्हणजे साधारण 356 किलो. धान्याची खंडी निराळी. आजही रुईचा भाव खंडीनं आणि कापसाचा क्विंटलनं सांगतात, म्हणून आधी सगळं किलोवर आणा. रुपयांची तुलना मात्र करू नका, 1864 चा रुपया चांदीचा. 1861 ला 100 धरून पुढची वर्षं त्या पटीत काढा, तेवढं पुरतं.