जर्मनीत कासवं बारा महिने बागेत ठेवता येतात का?

लाइपझिगची_नेहा:
नमस्कार मंडळी, शेजारच्या आजी वृद्धाश्रमात चालल्यात आणि त्यांची दोन कासवं आमच्याकडे येणार आहेत, हर्मन जातीची, मादी १.४ किलो आणि नर जेमतेम ८०० ग्रॅम. आजी म्हणतात ती कायम बागेतच असतात आणि हिवाळ्यात फ्रिजमध्ये झोपवायची, हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. इथे जानेवारीत उणे १० सहज होतं. नवरा म्हणतो घरातच काचेच्या पेटीत ठेवू. कोणी बाहेर ठेवलीयत का?

बागेतला_दादा:
ताई, घरात नका ठेवू. यांची पूर्वेकडची उपजात ग्रीस, बल्गेरिया, रोमानियाकडची, तिथे हिवाळा चांगला कडक असतो, चार-पाच महिने मातीत गाडून घेऊन झोपणं ही त्यांची गरजच आहे. माझी तीन ९ वर्षं बाहेर आहेत. पण नुसतं अंगण पुरत नाही, फ्र्यूबेट हवंच, म्हणजे पारदर्शक झाकणाची पेटी, रोपांसाठी असते तशी. साधं पॉलिकार्बोनेट घेतलंत तर यूव्हीबी, म्हणजे कासवांना लागणारे उन्हातले अतिनील किरण, जवळजवळ आत येतच नाहीत, यूव्ही सोडणारं अ‍ॅक्रिलिक महाग पडतं पण तेच घ्या. एप्रिलमध्ये बाहेर ९ डिग्री असतात तेव्हा जरा ऊन पडलं की आत २५ होतात आणि कासवं बाहेर येऊन पाय ताणून पडतात, बघत बसावंसं वाटतं. ढगाळ दिवसांसाठी थर्मोस्टॅटवर दिवा. झाकणाला आपोआप उघडणारा दांडा लावा, आतलं मेण तापून फुगतं आणि झाकण उचललं जातं, वीज लागत नाही, नाहीतर मे महिन्यात भाजून निघतील.
झोपायलाही माझी तिथेच असतात, खोल भुसभुशीत माती, वर बीचची सुकी पानं, खालून आणि बाजूने उंदरांसाठी जाळी. सेन्सर कासवाच्या पातळीला मातीत पुरलाय, २ डिग्रीच्या खाली गेलं की हीटिंग केबल सुरू होते.

मृण्मयी_कासववाली:
नेहा, फ्रिजला घाबरू नकोस गं. मी पहिल्या वर्षी कासवाचा खोका तळघरात ठेवला होता, तिथे १२-१३ डिग्री, मला वाटलं बाहेरच्या थंडीपेक्षा बरं. फेब्रुवारीत उचललं तर हाताला हलकं लागलं, डोळे आत गेलेले. तेवढ्या उबेत ते धड झोपत नाही धड जागं नसतं, खाणं बंद आणि अंगातलं सगळं जळत राहतं. वाचलं नाही ते. अजून आठवलं की रडू येतं. तेव्हापासून वेगळा जुना फ्रिज, ४ ते ६ डिग्री, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवते म्हणजे तापमान वरखाली होत नाही, आठवड्यातून एकदा दार उघडून हवा द्यायची आणि वजन करायचं. १०% च्या वर घटलं तर उठवायचं. आणि झोपवायच्या आधी डॉक्टरकडून विष्ठा तपासून घे, आजारी कासव झोपवायचं नाही म्हणजे नाही.

पुणेकर_७७:
आमच्या ओळखीत एकाकडे स्टार कासव आहे, थंडीत त्यालाही असं झोपवायचं का?

बागेतला_दादा:
अजिबात नको! ते असं हिवाळी झोप घेणारं कासवच नाही, गारठलं की न्यूमोनियाने जाईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरी ठेवणंच गुन्हा आहे, वनविभागाकडे द्यायला सांगा.

लाइपझिगची_नेहा:
मृण्मयीताई, वाचून वाईट वाटलं खूप, पण सांगितलंत ते बरं झालं. पेटी बाहेर आणि पहिला हिवाळा फ्रिजमध्ये असं ठरवलंय. कागदांचं काय करायचं असतं?

मृण्मयी_कासववाली:
ईयूचं सर्टिफिकेट कासवासोबतच येतं, आजींकडून मूळ प्रत घे. ती तुझ्याकडे आलीत हे तिथल्या निसर्ग संरक्षण ऑफिसला लगेच कळव.

लाइपझिगची_नेहा:
आहे मूळ प्रत. आजींनी एक वही पण दिलीय, दर रविवारचं वजन पेन्सिलीने लिहिलेलं, शेवटच्या पानापर्यंत भरलीय. उद्या नवीन वही आणते.