पत्र्याच्या होडीवर मोबाइल चार्जिंगचा पॉइंट काढायचाय, पहिला प्रयोग फसला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पैठण तालुक्यात, नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) बॅकवॉटरला आमचं गाव. घरची मासेमारी. होडी पत्र्याची, चौदा फुटी, वल्ह्याची. इंजिन नाही, त्यामुळं "इंजिनवरून चार्जिंग घे" हा सल्ला आधीच बाजूला ठेवा. होडीत १२ व्होल्ट, २६ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी असते. तिच्यावर १० वॅटचा एक एलईडी दिवा चालतो. बॅटरी रोज खांद्यावर घरी न्यायची, चार्जरला लावायची, संध्याकाळी परत आणायची.

मोबाइल कशाला लागतो ते सांगतो, कारण घरात पण हाच प्रश्न विचारतात. संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे उचलायचं. जाळ्याच्या टोकांना थर्माकोलचे ठोकळे असतात, पण डिसेंबरात धुकं धरलं की वल्ह्याचं टोक दिसत नाही. म्हणून जाळं सोडलं की मी मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवतो. आजोबा म्हणतात, आम्ही चांदण्या बघून जायचो. आता आजोबा मासे धरायचे ते गोदावरीच्या पात्रात, धरण व्हायच्या आधी. तिथं हरवायला जागाच नव्हती. इथं पन्नासेक किलोमीटर लांब पाणी पसरलंय.

दुसरं कारण सप्टेंबर २०२५ चं. धरणाखाली मावशीचं गाव आहे. पाणी शिरलं तेव्हा होडी टेम्पोत घालून नेली आणि दोन दिवस माणसं, शेळ्या, एक शिलाई मशीन असं काय काय बाहेर काढलं. गावात लाइट नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा मोबाइल बंद, मावसभावाचा बंद. कोण कुठल्या माळवदावर अडकलंय ते ओरडून विचारायची पाळी आली. पायाशी भरलेली बॅटरी होती आणि तिच्यातनं मोबाइलला वीज द्यायची सोय नव्हती. ते डोक्यात राहिलं.

म्हणून तालुक्याच्या गावी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं होडी नेली. त्यानं गाडीत असतं तसलं गोल लायटर सॉकेट पुढच्या फळीला बसवलं. बॅटरीच्या प्लसवरून एक बारीक लाल वायर, साधारण ३ मीटर. मायनसला वायरच नाही. बॅटरीजवळ एक पितळी स्क्रू पत्र्यात मारला, सॉकेटजवळ दुसरा, आणि म्हणाला, "बॉडीला अर्थ दिला, झालं काम."

तीन आठवडे चाललं. आता मोबाइल चार्ज होतो, थांबतो, परत होतो. सॉकेट हाताला चटका बसण्याइतकं गरम होतं. स्क्रूभोवती हिरवट किटण आलंय आणि शेजारचा पत्रा तांबरायला लागलाय. फ्यूज कुठं दिसला नाही.

विचारायचं एवढंच: दोन मोबाइल आणि डोक्याला बांधायची एक बॅटरी (टॉर्च) चार्ज होईल असा पॉइंट नीट कसा काढायचा? दिव्याला वीज कमी पडता कामा नये. वायर मला ओढता येते, हिशोब येत नाही.

प्रतिसाद – मांजरा_काठ

भाऊ, एवढा खटाटोप कशाला? छोटा इन्व्हर्टर घे, २२० व्होल्टचा साधा बोर्ड लाव, घरचे चार्जर चालतील. आमच्या टेम्पोत तसंच आहे.

प्रतिसाद – पान्हा_पक्कड

इन्व्हर्टर नको!! ओला पत्रा, ओले पाय आणि २२० व्होल्ट. टेम्पोत पायाखाली रबर असतं, होडीत पाणी असतं. शिवाय १२ चे २२० करायचे आणि चार्जरनं परत त्याचे ५ करायचे, दोन्हीकडं गळती. मोबाइल लावलेला नसला तरी इन्व्हर्टर स्वतः वीज खात बसतो ते वेगळंच.

प्रतिसाद – वायरमनची_लेक

दादा, आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय, सध्या सोलर पंपाच्या कामावर असते. सविस्तर लिहिते, कारण तुमचं काम फक्त बिघडलेलं नाही, धोक्याचं आहे. आज आधी ती लाल वायर बॅटरीवरून काढा, मग पुढचं वाचा.

गाडीत मायनस बॉडीला देतात. मिस्त्रीचा हात तिथं बसलेला असतो, त्याचा दोष धरू नका. पण तुमची सगळी होडी आता बॅटरीचं मायनस टोक झालीय. पत्र्याच्या कडेला घासून लाल वायरीचं कवच एका जागी फाटलं, की प्लस सरळ मायनसला टेकला. तुमच्या बॅटरीसारखी बॅटरी अशा वेळी शंभर अँपिअरच्या वर सहज ओतते. फ्यूज नाही, वायर बारीक. ती आधी लाल होईल, मग पेटेल. मधोमध पाण्यात.

तांबरण्याचं कारणही तेच. पितळी स्क्रू, लोखंडी पत्रा आणि मध्ये ओल. दोन वेगळे धातू ओलीत टेकले की त्यातला कच्चा धातू झिजतो, आणि इथं कच्चा आहे तुमचा पत्रा. वरून त्यातनंच करंट जातोय म्हटल्यावर बघायलाच नको. तेव्हा होडीत प्लस आणि मायनस दोन्हीला वेगळी वायर, आणि पत्र्याचा वायरिंगशी कुठंही संबंध नाही. दोन्ही स्क्रू काढा, भोकं एम-सीलनं बुजवा.

आता सॉकेट गरम का होतं? लायटर सॉकेटात पिन स्प्रिंगवर टेकलेली असते. हलली, गंजली की संपर्क ढिला पडतो. समजा त्या टेकणीत अर्धा ओहम अडथळा आला आणि ४ अँपिअर जात असतील, तर ८ वॅट तिथंच जळतात. मोहरीएवढ्या जागेत ८ वॅट! मोबाइलचं चालू-बंदही त्यामुळंच.

त्यापेक्षा मोटरसायकलच्या हँडलला लावतात तो रबरी टोपणाचा यूएसबी चार्जर घ्या, दोन पोर्टवाला. आत १२ चे ५ करणारं सर्किट असतं, बाहेर फक्त दोन वायरी येतात. संभाजीनगरात काय, पैठणलाही बाइक ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळेल. टोपण लावलेलं असलं तरच तो पाणी अडवतो, मोबाइल जोडलेला असताना नाही, हे ध्यानात ठेवा. म्हणून तो फळीच्या खालच्या अंगाला, तोंड खाली करून बसवा. वायर सॉकेटपर्यंत सरळ वरून आणू नका. खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल.

वायर २.५ स्क्वेअर एमएमची, मल्टिस्ट्रँड (आत अनेक बारीक तारा असलेली), तांब्याची. ४ अँपिअरला एवढी कशाला म्हणाल, तर ०.५ च्या वायरीत जाऊन-येऊन ६ मीटरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. २.५ मध्ये ०.२. शिवाय जाड वायर ओढाताणीत लवकर तुटत नाही. घरच्या वायरिंगची एकच जाड तार असलेली वायर मात्र होडीत नको, हलून हलून मोडते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच, वीतभराच्या आत. सॉकेटजवळ लावलेला फ्यूज बिनकामाचा, कारण फ्यूज मोबाइलसाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्याच्या आणि बॅटरीच्या मधली वायर उघडीच राहते. गाडीचा ब्लेड फ्यूज, रबरी होल्डरमधला, १० अँपिअरचा मुख्य. तिथून पुढं चार्जरच्या फाट्याला ५ चा.

प्रतिसाद – मूळ प्रश्नकर्ता

ताई, लई उपकार. वायर काढली आत्ताच. खरंच एका जागी कवच खरवडलेलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. बायकोला दाखवलं नाही.

बॅटरी किती वेळ पुरेल ते कसं काढायचं? रात्री दिवा साधारण ४ तास.

प्रतिसाद – वायरमनची_लेक

दिवा १० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ०.८ अँपिअरच्या आसपास. ४ तासांत साडेतीन एएच धरा. ५००० एमएएचच्या मोबाइलात साधारण १९ वॅट-तास मावतात, वाटेतली गळती धरून २५. बॅटरीकडून ते २ एएच. दोन मोबाइलचे ४. डोक्याच्या बॅटरीचा खर्च किरकोळ. सगळे मिळून साडेसात-आठ.

२६ एएचमधले निम्मेच आपले, १३. ही शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली की लवकर मरते. म्हणजे तुमचं आरामात भागतं आणि वर पाच शिल्लक. पुरासारखी वेळ आली तर दिवा विझवून सहा मोबाइल भरून निघतील.

प्रतिसाद – ट्यूबलाइट

माझा बाळबोध प्रश्न. २०,००० एमएएचची पॉवर बँक का नाही? फळीला भोक नाही, वायर नाही, फ्यूज नाही.

प्रतिसाद – पान्हा_पक्कड

बाळबोध नाही, बरोबर आहे. २०,००० वाचून चार मोबाइल वाटतात, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टचा. ७४ वॅट-तास, हातात ६० येतात. तीन मोबाइल.

प्रतिसाद – मूळ प्रश्नकर्ता

होती माझ्याकडं. पुरात मावशीच्या दारात पाण्यात गेली. शिवाय रोज दोन गोष्टी चार्ज करायला लाइट पाहिजे, आणि आमच्या वस्तीची लाइट शेतीच्या फीडरवर, कधी दिवसा कधी रात्री. बॅटरी एक सांभाळतो तेवढं बास. पण एक जोडीला घेईन, प्लॅस्टिकच्या डब्यात.

प्रतिसाद – पाणकावळा

चार्जिंगचं जाणत्यांनी सांगितलंच. माझी वेगळीच विनंती. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं रात्री विसावलेली असतात. नवीन वायरिंग करताय तर दिव्याला वेगळा स्विच ठेवा आणि झोत खाली जाळ्यावर राहील असा बसवा.

प्रतिसाद – मूळ प्रश्नकर्ता

करतो की. थवा उठला की आम्हालाच धडकी भरते.

प्रतिसाद – वायरमनची_लेक

स्विचवरून आठवलं. चार्जरलाही स्विच लावाच. त्या सॉकेटांत निळा दिवा किंवा व्होल्टचा आकडा असतो. २० मिलिअँपिअर जरी खात असला तरी दिवसाला अर्धा एएच. बॅटरी जोडलेली ठेवून होडी दहा दिवस नुसती पडून राहिली तर ५ एएच नुसते शोभेला गेले.

आणि जोडणी करताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबून बसवा, वर हिट श्रिंक स्लीव (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन. बॅटरी क्रेटमध्ये ठेवून पट्ट्यानं बांधा. तुम्ही रोज काढघाल करता, तर टोकांना दात्याचे चिमटे लावायचा मोह होईल. नको. घाईत उलटे लागतात. ई-रिक्षाच्या बॅटरीला असतो तसा दोन पिनांचा कनेक्टर लावा, तो उलटा बसतच नाही.

प्रतिसाद – मांजरा_काठ

इन्व्हर्टरचा सल्ला मागे घेतो. टेम्पोतला पण बघावा लागेल, त्याच्या वायरीलाही फ्यूज नाही वाटतं 😅

प्रतिसाद – मूळ प्रश्नकर्ता (नऊ दिवसांनी)

झालं काम. दोन दिवस लागले, एक दिवस तर ई-रिक्षाचा कनेक्टर शोधण्यातच गेला. चार्जर मधल्या फळीखाली, तोंड खाली. दोन स्विच, दिव्याचा वेगळा. वायर पत्र्याला टेकू नये म्हणून जुन्या ठिबकची नळी उभी चिरून तिच्यातनं नेली, नळी आमच्याकडं पोत्यानं पडलीय. फ्यूज सांगितल्याप्रमाणं. पहिल्याच रात्री ५ चा उडाला, घाबरलो. बघतो तर चार्जरच्या मागं मीच एक तार उघडी ठेवली होती, ती मायनसला टेकलेली. मागच्या वायरिंगमध्ये हेच झालं असतं तर काय, याचा विचार वल्हं मारताना बराच वेळ केला.

ज्या मिस्त्रीनं आधी काम केलं होतं त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "होडीचं काम पहिलंच होतं." मग वीतभर २.५ ची वायर त्यानंच फुकट दिली.

प्रतिसाद – वायरमनची_लेक

फ्यूज उडाला म्हणजे त्यानं पगार कमावला. दोन जादाचे डब्यात ठेवा, त्याच अँपिअरचे. संपले म्हणून तार गुंडाळायची नाही!

पुढं कधी खांद्यावरची ने-आण चुकवायची असेल तर ४० वॅटचं पॅनेल आणि छोटा चार्ज कंट्रोलर. आपल्याकडच्या उन्हात पावसाळा सोडला तर दिवसाला दहा-बारा एएच निघतात, तुमच्या रोजच्या खर्चापेक्षा जास्तच. व्होल्टमीटर आहे का? सकाळी दिवा-चार्जर बंद करून अर्ध्या तासानं मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी.

प्रतिसाद – मूळ प्रश्नकर्ता

पुतण्याच्या मीटरवर आज पहाटे मोजली. दिवा चार तास, माझा आणि भावाचा मोबाइल पूर्ण भरून, १२.४. जाळ्यात दोन कटला आणि बाकी सगळी चिलापी. पॅनेलचं बाजाराच्या दिवशी विचारून बघतो, होडीवर बसवायचं कुठं ते मात्र अजून उमगत नाही, मधली फळी तर बसायलाच लागते.