मॅक मिनी एम४साठी एनव्हीएमई एन्क्लोजर : १० जीबीपीएस पुरेल, की यूएसबी४ घ्यावे?

नमस्कार. झाडीपट्टीतील नाटकांच्या चित्रीकरणाचे संकलन मी चंद्रपूरला घरीच करतो. त्यासाठी २०२४ साली आलेला एम४ चिपचा मॅक मिनी घेतला आहे. त्यातली अंगची साठवण २५६ जीबीचीच आहे. ५१२ जीबीचे मॉडेल २०,००० रुपयांनी महाग होते आणि एवढ्या रकमेत बाहेरून जोडण्याची व्यवस्था होऊ शकते, असा हिशेब मी केला. एम.२ २२८० आकाराची २ टीबीची नवी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणून ठेवली आहे, पण ती कोणत्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरून जोडण्याच्या डबीत, बसवावी, यावर निर्णय होत नाही.

उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून असेल, म्हणून ते आधी सांगतो. आमच्याकडचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास आटोपतो. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. तीन कॅमेरे लावतो आणि प्रत्येकाचे ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने होते. म्हणजे एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी आणि पाच तासांच्या प्रयोगाचे तिन्ही कॅमेऱ्यांचे मिळून ६७५ जीबी. हा सगळा ऐवज कार्डांवरून एसएसडीवर उतरवायचा, तिथेच संकलन करायचे आणि काम संपले की हार्ड डिस्कवर हलवून पुढच्या प्रयोगासाठी जागा मोकळी करायची, असा क्रम आहे. एन्क्लोजर टेबलावरच राहणार असल्यामुळे ते लहान किंवा हलके असावे असा आग्रह नाही.

२० जीबीपीएसचा (सेकंदाला २० गिगाबिटचा), म्हणजे यूएसबी ३.२ जेन २x२चा, पर्याय मी बाद केला आहे, कारण मॅकचे पोर्ट तो वेग स्वीकारत नाहीत आणि असे एन्क्लोजर १० जीबीपीएसवरच चालते. राहिले दोन. पहिले १० जीबीपीएसचे, ज्यात बहुधा रिअलटेकची आरटीएल९२१०बी किंवा एएसमीडियाची एएसएम२३६२ ही ब्रिज चिप (एसएसडी आणि यूएसबी यांना जोडणारी) असते आणि प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १००० एमबीपर्यंत वेग मिळतो. दुसरे ४० जीबीपीएसचे यूएसबी४, एएसएम२४६४पीडी चिपचे, ज्यात ३००० एमबीच्या आसपास वेग मिळतो. मात्र माझ्या पाहण्यातली दुसऱ्या प्रकारची एन्क्लोजरे पहिल्याच्या तिप्पट-चौपट किमतीची आहेत.

पैशांपेक्षाही मला धास्ती उष्णतेची आहे. चंद्रपूरचा मे महिना कसा असतो हे वेगळे सांगायला नको. बाहेर ४५ अंश असताना, कूलर चालू असूनही, दुपारी खोलीचा पारा पस्तिशीखाली उतरत नाही. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींची कार्यमर्यादा ७० अंशांची असते आणि ती जवळ आली की एसएसडी स्वतःच वेग कमी करते. पंखा असलेले एन्क्लोजर घ्यावे, तर इथली धूळ त्यात जाणार आणि आवाजाचे मिश्रण करताना त्याची घरघर कानाशी राहणार. बिनपंख्याचे घ्यावे, तर ते या हवेत तग धरेल का, हा प्रश्न आहे.

या कामासाठी यूएसबी४वर खर्च करणे योग्य ठरेल का, आणि पंख्याविना भागेल का, याविषयी जाणकारांनी, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात असे उपकरण वापरलेल्यांनी, मार्गदर्शन करावे. वीज अधूनमधून जाते, त्यामुळे एसएसडी एपीएफएसमध्ये (मॅकच्या स्वतःच्या फाइल-रचनेत) फॉरमॅट करावी की एक्सफॅटमध्ये (मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालणाऱ्या रचनेत), हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपण दिलेल्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे. १०० मेगाबिटचे तीन प्रवाह एकाच वेळी वाचले, तरी सेकंदाला ३७.५ एमबी लागतात. संकलन सुरळीत व्हावे म्हणून तुम्ही सगळे चित्रीकरण प्रोरेस ४२२मध्ये (संकलनासाठीच्या अ‍ॅपलच्या व्हिडिओ स्वरूपात) बदलून घेतलेत, तरी ४के आकाराच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या एका प्रवाहाला ४९२ मेगाबिट, म्हणजे सुमारे ६१.५ एमबी लागतात आणि तिन्हींना मिळून १८५ एमबी. १० जीबीपीएसचे एन्क्लोजर याच्या पाचपट वेग देते. कार्डावरून उतरवतानाही अडथळा एन्क्लोजरचा नसतो, कारण यूएचएस-२ कार्डाची मर्यादाच सेकंदाला ३१२ एमबी आहे. शेवटी माल हलवायचा तो हार्ड डिस्कवर, आणि ती तर त्याहूनही मंद. सेकंदाला ३००० एमबीचा वेग तुमच्या कामात कुठेच वापरला जाणार नाही.

तरीही यूएसबी४च्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे, आणि तो वेगाचा नसून ट्रिमचा आहे. फाइल पुसली की तिची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणारी ही आज्ञा, साध्या यूएसबी एन्क्लोजरमधल्या एसएसडीला मॅकओएस पाठवेलच याची खात्री नसते. यूएसबी४मध्ये मात्र एसएसडी थेट एनव्हीएमई म्हणून दिसते आणि ट्रिम चालते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये तशी नोंदही पाहता येते. तुम्ही दर प्रयोगाला सहाशे-सातशे जीबी लिहिणार आणि पुसणार. ट्रिम नसेल तर पुसलेला मजकूरही एसएसडी जपत बसते आणि कालांतराने लिहिण्याचा वेग मंदावतो. त्यावरचा स्वस्त उपाय असा, की एसएसडी अजून कोरी आहे तोवर विभाजन करताना दीड टीबीच वापरात घ्यावी आणि उरलेली जागा कायमची मोकळी सोडावी. एका वेळी एकाच प्रयोगाचे काम असेल, तर तेवढी जागा पुरेशी आहे.

उष्णतेच्या बाबतीत १० जीबीपीएसची चिप अधिक सुसह्य असते. यूएसबी४ची चिप स्वतःच बरीच तापते, म्हणून ती एन्क्लोजरे बहुधा जाडजूड किंवा पंखेवाली असतात. तुम्ही सगळे अंग अ‍ॅल्युमिनियमचे असलेले, बिनपंख्याचे घ्यावे, असे माझे मत आहे. ते मॅक मिनीला खेटून ठेवू नका, कारण एम४ मॉडेलची गरम हवा तळाकडूनच बाहेर पडते. थोडे दूर, उभे ठेवा. कूलरचा झोत मात्र त्यावर सोडू नका, त्यातून दमट हवा आणि धूळ दोन्ही येतात.

जोडणी पुढच्या यूएसबी-सी पोर्टला करा. तो १० जीबीपीएसचाच आहे, त्यामुळे मागचे थंडरबोल्ट पोर्ट इतर कामांना मोकळे राहतील. केबल एन्क्लोजरसोबत आलेलीच वापरा; मोबाइल चार्जरच्या बहुतेक केबल यूएसबी २.०च्या असतात आणि त्यांवर वेग सेकंदाला ४० एमबीच्या आसपास येऊन अडकतो. एसएसडी फक्त मॅकलाच लागणार असल्याने एपीएफएस निवडा. एक्सफॅटला जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर ते महागात पडते.

आणखी एक प्रतिसाद :

वरील हिशेब मान्य आहे, पण संकलनाच्या आज्ञावलीची लायब्ररी आणि कॅशही याच एसएसडीवर ठेवणार असाल तर माझे मत यूएसबी४कडे झुकते. २५६ जीबीत ते सगळे मावत नाही, आणि लहान लहान फाइली वाचताना दोन्ही प्रकारांतला फरक जाणवतो. पंखा बटणाने बंद करता येईल असे एन्क्लोजर पाहा, म्हणजे आवाजाच्या कामापुरता तो थांबवता येईल. कोणतेही घेतले तरी एनर्जी सेटिंगमधील डिस्क झोपवण्याचा पर्याय बंद ठेवावा, कारण काही ब्रिज चिपना जाग आल्यावर एसएसडी सापडत नाही आणि मॅक ती अचानक काढल्याची सूचना देतो.

मूळ प्रश्नकर्ता :

दोघांचेही आभार. लायब्ररी आणि कॅश अंगच्या साठवणीतच राहतील, कारण एका वेळी एकच प्रयोग हाताळतो. त्यामुळे १० जीबीपीएसचे बिनपंख्याचे एन्क्लोजर घेणे पक्के केले आहे आणि अर्धा टीबी मोकळी सोडणार आहे. आता एकच शंका उरते. माझ्या एसएसडीवर दोन्ही बाजूंना चिपा आहेत, आणि जी एन्क्लोजरे मी पाहिली त्यांत थर्मल पॅड (चिपांची उष्णता डबीकडे नेणारी मऊ पट्टी) वरच्या झाकणालाच आहे. खालच्या बाजूच्या चिपा आणि एन्क्लोजरचा तळ यांमधल्या फटीत वेगळा पॅड बसवावा का, आणि बसवायचा झाल्यास एसएसडीला बाक येऊ नये म्हणून त्याची जाडी कशी ठरवावी?