मदत हवी आहे : रेडिओ माहितीपटातील ढोलकीचा फाटलेला आवाज दुरुस्त कसा करावा?

रानवाट :
नमस्कार. नारायणगाव आणि खोडद या परिसरावर २८ मिनिटांचा रेडिओ माहितीपट मी स्वखर्चाने तयार करत आहे. एकीकडे खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, आणि दुसरीकडे पाडव्याच्या सुमारास नारायणगावात लागणाऱ्या तमाशा फडांच्या राहुट्या, जिथे गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात, अशी मांडणी आहे. दुर्बिणीचा भाग पूर्ण झाला आहे. अडचण तमाशाच्या भागाची आहे. जत्रेतील खेळाचे जे ध्वनिमुद्रण केले, त्यात गण आणि गवळण चालू असताना ढोलकी व हलगीचा आवाज फाटतो. संगणकावर पातळी कमी केली तरी फाटलेपण जात नाही, केवळ हळू ऐकू येते. सोमवारी कार्यक्रम एका सामुदायिक रेडिओ केंद्राकडे द्यायचा आहे. हे दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर कोणते, एवढेच कृपया सांगावे. पुन्हा ध्वनिमुद्रण करण्याचा सल्ला देऊ नये, कारण फड पुढच्या गावी गेला आहे आणि त्यातील ज्येष्ठ ढोलकीवादक या हंगामानंतर थांबणार आहेत.

ध्वनिवेध :
आपण रेकॉर्डर कोणता वापरला, माइक कुठे ठेवला होता आणि बतावणीतील बोलणेही फाटते का, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

रानवाट :
रेकॉर्डर चांगला आहे, २४ बिटवर ध्वनिमुद्रण केले आणि आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा एकदाही लागला नाही. बोलणे बऱ्यापैकी स्वच्छ आहे. प्रश्न रेकॉर्डरचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे.

सप्तसूर :
मी आपल्या जागी असतो तर ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर घेतला असता. मी गेली दोन वर्षे तोच वापरतो आणि हलगीचा कितीही मोठा कडकडाट झाला तरी नंतर पातळी खाली आणून मूळ आवाज परत मिळवता येतो.

ध्वनिवेध :
सप्तसूर, हे अर्धेच खरे आहे. रेकॉर्डरच्या आत शिरण्यापूर्वीच आवाज कापला गेला असेल, तर फ्लोट ध्वनिमुद्रणात तो कापलेलाच जाऊन बसतो. रानवाट यांनी लाल दिवा लागला नाही असे सांगितले आहे, हाच महत्त्वाचा धागा आहे. कृपया संगणकावर दिसणारी आवाजाची तरंगाकृती मोठी करून पाहा. शिखरे सपाट आहेत का, आणि ती कमाल रेषेच्या बरीच खाली सपाट झाली आहेत का?

रानवाट :
हो, सगळी शिखरे साधारण निम्म्या उंचीवर सुरीने कापल्यासारखी सपाट आहेत. ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून तार काढून थेट रेकॉर्डरला जोडली होती. हे सांगण्याची गरज वाटली नव्हती.

ध्वनिवेध :
मग कारण मिळाले. मिक्सरमधून येणारा लाइन पातळीचा संकेत माइकच्या संकेतापेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो. तो रेकॉर्डरच्या माइकच्या खाचेत दिला, तर पहिल्याच टप्प्यात शिखरे कापली जातात. पुढे गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण, कमी ठेवल्यामुळे लाल दिवा लागत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. रेकॉर्डरवर लाइन इनपुटची निवड करायला हवी होती. बोलणे हलके असल्यामुळे वाचले, थाप मात्र सापडली.

निवृत्त निवेदक :
आकाशवाणीसाठी बाहेरची ध्वनिमुद्रणे करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून आग्रहाने सांगतो की तमाशा केवळ मिक्सरवरून कधीही घेऊ नये. त्यात गायिकेचा गळा मिळतो, पण तमाशा मिळत नाही. प्रेक्षकांच्या शिट्ट्या, मावशीच्या एखाद्या ओळीवर उसळणारा हशा, झांजेला पटांगणात मिळणारी खोली, हे सर्व दहा-पंधरा पावलांवर ठेवलेल्या माइकमध्ये येते. आपल्याबरोबर कोणी होते का? त्यांनी काही टिपले का?

कायदाप्रेमी :
ढोलकीवादकांची लेखी संमती घेतली आहे का? प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार कलावंताला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. प्रक्षेपणासाठी हे आवश्यक आहे.

रानवाट :
संमती घेतली आहे, परंतु माझा प्रश्न तो नाही. मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील क्लिप फिक्स हे कापलेली शिखरे भरून काढणारे साधन वापरून पाहिले, काहीही फरक पडला नाही. सोबत माझी बहीण होती. तिने प्रेक्षकांत बसून मोबाईलवर गवळण टिपली आहे, पण ती घरी आठवण म्हणून. रेडिओसाठी मोबाईलचे ध्वनिमुद्रण कसे चालेल?

ध्वनिवेध :
क्लिप फिक्सची मर्यादा-पातळी मुळात ९५ टक्के असते. आपली शिखरे निम्म्यावर कापली आहेत, त्यामुळे त्याला ती कापलेली आहेत हेच कळत नाही. पातळी सपाट रेषेच्या किंचित खाली, म्हणजे ४८ टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहा. एक इशारा मात्र देतो. हे साधन दोन्ही बाजूंच्या उतारावरून मधले शिखर अंदाजाने रचते. ढोलकीची एखादी सुटी थाप त्यामुळे सावरेल, पण हलगीच्या सलग टिपऱ्यांत अंदाज करायला दोन्ही बाजूंना काही उरलेलेच नसते.

निवृत्त निवेदक :
बहिणीची फाइल अवश्य वापरावी. श्रोत्याला यंत्राची किंमत ऐकू येत नाही, प्रसंग ऐकू येतो. बतावणी मिक्सरवरून आणि गवळण मोबाईलवरून घ्या.

सप्तसूर :
याला माझा विरोध आहे. मोबाईल आपोआप पातळी वरखाली करतो, त्यामुळे प्रत्येक थापेनंतर गर्दीचा आवाज फुगल्यासारखा वर येतो. माहितीपट हा जतनाचाही दस्तऐवज असतो.

निवृत्त निवेदक :
जतनासाठी दोन्ही मूळ फाइली जशाच्या तशा ठेवाव्यात, प्रक्षेपणासाठी कान लावून निवड करावी. या दोन कामांची गल्लत नको.

कृत्तिका :
मी खगोलशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दुर्बिणीच्या भागात आपण आवाज कोणता वापरला? ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्यांच्या तारजाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे तिथे ऐकण्यासारखे फारसे नसते. बी ०३२९+५४ या स्पंदकाचा (पल्सरचा), म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचा संकेत ध्वनीत रूपांतरित केला, तर सुमारे ०.७१ सेकंदाला एक, म्हणजे मिनिटाला ८४ ठोके ऐकू येतात. तेथून ढोलकीवर जाता येईल आणि गण-गवळणीचा फाटलेला भागही कमी लागेल. मात्र हा अवकाशातून आलेला आवाज नसून रेडिओलहरींपासून घडवलेला आहे, हे निवेदनात स्पष्ट सांगावे.

रानवाट :
दुर्बिणीच्या भागात आवारात मोबाईल बंद ठेवायला सांगणाऱ्या सुरक्षारक्षकांचे बोलणे, तबकडी वळताना होणारी मोटारींची घरघर आणि या दुर्बिणीचे जनक डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कामाविषयीची मुलाखत आहे. तो भाग उघडायचा नाही असे ठरवले होते, पण कृत्तिका यांची सूचना मला सोडवत नाही.

जुन्नरी :
आमच्या तालुक्यावर काम करता आणि नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखाचा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले. तो भाग घालता येईल का?

रानवाट :
जुन्नरी, २८ मिनिटांत नाणेघाटाला न्याय देता येणार नाही, त्याला स्वतंत्र कार्यक्रम हवा. इतरांना कळवतो की पातळी ४७ टक्क्यांवर ठेवल्यावर गणातील ढोलकी पुष्कळ सावरली. हलगी सावरली नाही. गवळण बहिणीच्या मोबाईलवरून घेतली आहे. त्यात मागच्या रांगेतील एक आजी गायिकेच्या पुढे एक शब्द राहून गुणगुणत आहेत, त्या मी काढणार नाही. दोन्ही फाइलींचा वेग तीन मिनिटांनंतर किंचित वेगळा पडतो. सोमवारपूर्वी ते जुळवण्याचा मार्ग कोणी सांगेल का?

ध्वनिवेध :
मोबाईलच्या फाइलीचा नमुना-दर (सॅम्पल रेट), म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, ४४.१ किलोहर्ट्झ आहे की ४८, हे आधी सांगा.