विषय: मुलाला न विचारताच सस्पेन्शन, शुक्रवारी शाळेत मीटिंग

नमस्कार मंडळी,

घरातली गोष्ट मंडळाच्या ईमेल यादीवर लिहावी की नाही, याचा दोन दिवस विचार करत होते. पण शुक्रवारी मीटिंग आहे आणि आमच्या दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहिते.

मुलगा आठवीत आहे. दोन वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत आला, तोवर मराठी माध्यमात शिकला. इंग्रजीच्या बाईंनी त्याचा निबंध एका सॉफ्टवेअरमधून तपासला. त्यात ‘८२ टक्के एआयने लिहिलेला’ असं आलं. निबंधाला शून्य आणि दोन दिवसांचं सस्पेन्शन. त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. वर्गात सगळ्यांसमोर कागद परत मिळाला आणि तासाभरात असिस्टंट प्रिन्सिपलनी घरी द्यायचं पत्र हातात ठेवलं.

तो निबंध त्याने आमच्या डोळ्यांदेखत तीन रात्री बसून लिहिला आहे. शब्द अडला की मला विचारायचा. मी मुद्दाम सांगितला नाही, डिक्शनरी बघ म्हटलं.

त्याच रात्री ह्यांनी प्रिन्सिपलना मेल लिहिली आणि सुपरिटेंडंटना, म्हणजे इथल्या सगळ्या शाळांच्या प्रमुखांना, कॉपी केली. मेलचा सूर बरा नव्हता, हे मी मान्य करते. उत्तर एवढंच आलं की शिक्षकांचा निर्णय कायम आहे, हवं तर येऊन भेटा. भेटून काय बोलायचं?

– आठवीतल्या मुलाची आई

*

वहिनी,

शून्य आणि सस्पेन्शन या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. एकत्र मांडल्यात तर दोन्हीकडे हराल.

सस्पेन्शनबाबत तुमची बाजू भक्कम आहे. ओहायोतल्या कोलंबसच्या विद्यार्थ्यांच्या गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७५ साली ठरवून दिलं आहे की सस्पेन्शन १० दिवसांपर्यंतचं असलं तरी मुलाला आरोप सांगायला हवा, त्याने नाकारला तर पुरावा काय आहे ते सांगायला हवं आणि त्याची बाजू ऐकायला हवी. वकील-साक्षीदार लागत नाहीत, ऑफिसात पाच मिनिटं बोलणं झालं तरी पुरतं. पण धोका किंवा गोंधळाची परिस्थिती नसेल, तर हे सगळं घरी पाठवण्याआधी व्हायला हवं. हा नियम सरकारी शाळांना आहे आणि तुमची शाळा सरकारीच आहे. निकाल ५ विरुद्ध ४ असा निसटता होता. विरोधातल्या न्यायमूर्तींना भीती वाटत होती की रोजच्या शिस्तीत कोर्ट शिरलं तर शिक्षकांचा अधिकार पातळ होईल. ती भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून शाळेत जाऊन ‘कोर्टात खेचू’ म्हणू नका. ‘त्याला आधी विचारलं होतं का?’ एवढंच विचारा.

मार्कांचं वेगळं. मूल्यमापन हे शिक्षकांचं काम, त्यात कोर्टं सहसा पडत नाहीत. फेर्पा हा विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलचा १९७४ चा कायदा आहे, त्याने मुलाचा रेकॉर्ड मागता येतो, ४५ दिवसांच्या आत दाखवावा लागतो. चुकीची नोंद सुधारून मागता येते, पण मार्क कमी वाटले म्हणून नाही. तेव्हा ‘मार्क वाढवा’ म्हणू नका. तो निबंध कुणी तपासलेलाच नाही. ते शून्य म्हणजे मार्क नव्हे, शिक्षा आहे. हा मुद्दा धरून ठेवा.

आणि त्या ८२ टक्क्यांबद्दल. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एआयचं लिखाण ओळखणाऱ्या अशा सात सॉफ्टवेअरना, म्हणजे डिटेक्टरांना, टोफेलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे) ९१ निबंध दिले. निबंध माणसांनीच लिहिलेले होते, तरी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. इथल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याचे शब्द साधे, ठरावीक असतात आणि यंत्राला नेमका त्याचाच संशय येतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने तर स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत मागे घेतला, कारण अचूकता कमी होती.

*

दादांचं सगळं बरोबर असेल, पण शिक्षकांशी कोर्टाची भाषा नको. बाई चुकल्या, असं मुलाने घरात दिवसरात्र ऐकलं तर तो उद्या कुठल्याच बाईंचं ऐकणार नाही. मीटिंगचं बोलणं मोठ्यांनी मोठ्यांत ठेवावं.

– एक आजोबा

*

अगं,

मी बावीस वर्षं शिकवते आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते. पालकांची मेल थेट वर गेली की शिक्षक पहिल्यांदा स्वतःला वाचवायला बघतो. निबंध मागे पडतो. तुमच्या मेलने तेच झालं असणार. तेव्हा बाईंना एक छोटी मेल वेगळी लिही, रागाबद्दल दिलगिरी आणि भेटायची विनंती, बाकी काही नाही.

मीटिंगला डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी घेऊन जा. तीन रात्रींत कुठली ओळ कधी लिहिली, कुठली खोडली, सगळं वेळेसकट दिसतं. आणि निबंधावर त्याला तोंडी प्रश्न विचारा, असं तुम्हीच सुचवा. ज्याने लिहिलंय त्याला ‘हा शब्द का घेतलास’ याचं उत्तर देता येतं.

एक सांगायचं होतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, अबोल, सगळ्यांच्या मागे बसणारी. तिची कविता इतकी चांगली होती की मी वर्गातच म्हटलं, ‘ही कुठून उतरवलीस?’ ती काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं मी कबुली समजले. महिन्याभराने तिच्या वहीत त्याच कवितेचे पाच कच्चे खर्डे सापडले. मी मार्क पूर्ण दिले. तिने पुन्हा कविता मात्र दिली नाही. शिक्षकाचा शब्द अंतिम असतो, हे मी त्या वर्षापर्यंत अभिमानाने म्हणायचे.

*

मंडळी,

मीटिंग झाली. बाईंना आदल्या दिवशी मेल केली होती, त्यामुळे त्या वेगळ्याच दिसल्या, थकलेल्या. पाच वर्गांचे दीडशे निबंध त्या एकट्या तपासतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. व्हर्जन हिस्टरी त्यांनी स्वतः शेवटपर्यंत वाचली. मुलाला बोलावून चार प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला आणि मला घाम फुटला, पण बाई थांबल्या, त्याला वेळ दिला.

शून्य काढलं, निबंध तपासून ‘बी’ ग्रेड मिळाली. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. सस्पेन्शनच्या वेळी त्याला विचारलं होतं का, या प्रश्नावर असिस्टंट प्रिन्सिपल ‘बघतो’ म्हणाले. रेकॉर्डमधून नोंद काढण्याचा अर्ज लेखी दिला आहे. आजोबा, तुमचं मनावर घेतलं. त्याच्यासमोर बाईंबद्दल बोलणं बंद केलं आहे.

एक गोष्ट उरली. आरोप वर्गासमोर झाला आणि सुटका बंद खोलीत. वर्गातल्या मुलांना अजून तो कॉपी करणाराच वाटतो. हे बाईंना कसं सांगू, कळत नाही.

बाई, त्या मुलीला तुम्ही वर्गासमोर काही म्हणाला होतात का?

*

नाही गं. फक्त मार्क बदलले. वर्गासमोर बोलले असते तर माझा मान जाईल, असं वाटलं होतं. माझं हे पत्र तुमच्या बाईंना दाखवायचं असेल तर दाखव, माझी परवानगी आहे. इंग्रजीत मी आज रात्री करून देते.