पेसाह घरी करावा की शिबिरात?

न्यूजर्सीकर
यंदा पेसाह, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचा वल्हांडण, कनेटिकटच्या एका ज्यू शिबिर-केंद्रात करावा असं आमच्या मनात आहे. सासूबाई नाराज आहेत. पण इस्रायलबाहेर सण 8 दिवसांचा आणि सेदेरच्या, म्हणजे सुटकेची कथा वाचत एकत्र जेवायच्या, रात्री 2. त्याआधी खमीर आलेल्या गव्हा-जवाचा कण राहू नये म्हणून कपाटं, फ्रिज, गाडीच्या सीटासुद्धा उपसायच्या. कोण उपसतं? मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, आणि घरातली बाई सेदेरला बसते ती पेंगतच. शिबिरात स्वयंपाकघर आधीच कोशेर, म्हणजे ज्यू नियमांप्रमाणे शुद्ध, केलेलं असतं, मुलांना मुलं भेटतात.

क्वीन्सकर
बाईवर काम पडत असेल तर नवऱ्याच्या हाती फडकं द्या की! सेदेरच्या सुरुवातीलाच आपण म्हणतो, ‘जो भुकेला असेल त्यानं यावं, जेवावं.’ हे हजारो डॉलर मोजून, फक्त नाव नोंदवलेल्यांच्या हॉलमध्ये म्हणायचं? लाज वाटत नाही का? शिवाय भाताचं काय? अश्केनाझी, म्हणजे युरोपी ज्यूंच्या, रिवाजात तांदूळ, डाळी, वाटाणे, सगळं कित्नियोत म्हणून बंद. आपल्या बहुतेक घरांत पेसाहला भात शिजतो. बसा आठवडाभर बटाटे खात.

न्यूजर्सीकर
कन्झर्व्हेटिव्ह या ज्यू पंथाच्या धर्मसमितीनं 2015 मध्ये कित्नियोतला परवानगी दिली. या केंद्रात त्याचं टेबल वेगळं असतं, विचारून घेतलंय. नारळाच्या दुधातली आमटी नाही मिळणार, तेवढं सोसू.

बेरशेबाची मावशी
इकडे इस्रायलात किबुत्झात, म्हणजे सामुदायिक वस्तीत, सेदेर सामुदायिकच. मोठ्या भोजनगृहात शेकडो माणसं, हग्गादाही (सेदेरला वाचायच्या पोथ्या) त्यांनी स्वतः रचलेल्या, त्यात वसंत आणि कापणीची गाणी. त्याला कुणी हॉटेल म्हणत नाही, कारण वाढणारे आणि भांडी घासणारेही तेच. तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या निर्गमाच्या 12व्या अध्यायात काय आहे? घरटी एक कोकरू, आणि घर लहान असेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून. म्हणजे एकट्यानं करा असं तोरा सांगतच नाही. पण शेजारी म्हणजे ज्याच्याकडे उद्या मीठ मागायला जाता येतं तो.

आजीची नात
पुण्यात 1874 मध्ये छापलेल्या मराठी हग्गादात मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या साडीतल्या बायकांची चित्रं आहेत. त्यातही काम मिळूनच चाललंय. ‘प्रत्येकीनं आपापल्या ओट्याशी मरावं’ ही परंपरा कधीपासून झाली?

क्वीन्सकर
त्या बायकांना कुणी माणशी दर लावला नव्हता, बाई.

न्यूजर्सीकर
त्यांना शेजारणी होत्या. आमच्या रस्त्यावर दुसरं ज्यू घर नाही. मुलगी सेदेरला मुलांनी विचारायचा ‘आजची रात्र वेगळी का?’ हा प्रश्न विचारते तो आम्हा दोघांनाच. आम्ही पैसे भरतोय ते शेजारासाठी, बटाट्यांसाठी नव्हे.

क्वीन्सकर
मग हे आधी सांगायचं ना. दोन्ही रात्री आमच्याकडे या, पोरीलाही आणा. सासूबाईंनाही. मात्र आदल्या रविवारी साफसफाईलाही यायचं, आणि फडकं तुमच्या यजमानांच्या हाती.